कोऱ्या जागेतला हातपंप

सीमा ओव्हाळ आमच्या शिरूरच्या ऑफिसात अनुरेखक होती. मूळ नकाशावर पारदर्शक कापड ताणून बसवायचं आणि त्यावर शाईनं हुबेहूब नक्कल उतरवायची, हे अनुरेखकाचं काम. आमचं ऑफिस रस्त्यांचं. मी तिथं लेखनिक होतो आणि माझं टेबल तिच्या टेबलाच्या मागंच होतं. ऑफिसात सगळे तिला ओव्हाळ मॅडम म्हणायचे. मी वयानं मोठा, म्हणून मी सीमा म्हणायचो.

ती मूळची निमोण्याची. वडील मल्हारी दुसऱ्याच्या रानात कामाला जायचे, आई साखरबाई त्यांच्याबरोबर. पोरगीला अक्षराचं वेड होतं. दहावीत असताना भीमजयंतीच्या आधी विहाराच्या भिंतीवर तिनं निळ्या रंगानं असा मजकूर लिहिला, की शेजारच्या गावांतली माणसंही बोर्ड रंगवून घ्यायला तिच्या घरी यायला लागली. मल्हारीदादांना कुणीतरी सांगितलं, हिला आयटीआयला घाला, तिथं रेषा काढायला शिकवतात. त्यांनी घातलं. ड्राफ्ट्समनच्या वर्गात ती एकटी मुलगी होती. त्र्याण्णव साली ती आमच्याकडं नोकरीला लागली आणि पुढं लग्न होऊन शिरूरमध्येच राहिली. नवरा सतीश रांजणगावच्या कारखान्यात फिटर, स्वभावानं गमत्या.

त्या वेळी आमच्या ऑफिसात नकाशांच्या, अमोनियावर काढलेल्या प्रिंटचा वास भरून राहिलेला असायचा. नव्या माणसाच्या डोळ्यांना पाणी यायचं. सीमा मात्र त्या वासात गुणगुणत काम करायची. कापडावर एक शाईचा थेंब पडला, तर ब्लेडनं तो इतका हलक्या हातानं खरवडायची, की नंतर डाग कुठं होता ते तिलाही सापडायचं नाही.

मग कॉम्प्युटर आले. बऱ्याच जुन्या ड्राफ्ट्समननी नाकं मुरडली. सीमानं संध्याकाळचा क्लास लावला. वर्षभरात शिरूर तालुक्याचे सगळे रस्ते तिनं माउसनं पुन्हा काढले. शाईची बाटली कपाटात गेली. तिला वाईट वाटलं का, असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, वाईट कसलं, आता चुकलं तर खरवडावं लागत नाही.

पण कॉम्प्युटर आले तरी एक अडचण तशीच राहिली. रस्त्यांचा नकाशा आमच्याकडं, पाण्याचा दुसऱ्या खात्याकडं, विजेचा तिसऱ्याकडं, दवाखान्यांचा चौथ्याकडं. एकमेकांचा नकाशा पाहिजे असला, की आधी पत्र लिहायचं, मग उत्तराची वाट बघायची, मग कुणीतरी सीडी घेऊन चौफुल्याच्या एसटीत बसायचं. सीडी पोचेपर्यंत तिथला नकाशा बदललेला असायचा. एकदा तर आलेली सीडी कोरीच निघाली, आणि ती कोरी आहे हे कळवायला पुन्हा पत्र लिहावं लागलं.

दोन हजार सातमध्ये वरून आदेश आला. यापुढं प्रत्येक खात्यानं आपला नकाशा आपल्याच सर्व्हरवर ठेवायचा आणि बाकीच्या खात्यांना तो इंटरनेटवरून थेट बघता येईल अशी सोय करायची. तिला वेब सर्व्हिस म्हणतात, असं त्या आदेशात होतं. आमच्या ऑफिसात त्याचा अर्थ कुणालाच लागला नाही. साहेबांनी तो कागद सीमाच्या टेबलावर ठेवला आणि दौंडच्या पाण्याच्या ऑफिसातल्या एका माणसाचा फोन नंबर दिला. त्याचं नाव महेंद्र साळवे. शिरूर-दौंड दोन्ही तालुक्यांचा पाण्याचा नकाशा तो सांभाळायचा.

महेंद्रचा आवाज असा भारदस्त, की फोनवर ऐकणाऱ्याला वाटावं, पलीकडं कुणी फौजदार बसलाय. सीमानं पहिल्याच फोनवर सांगून टाकलं, की मला यातलं काही कळलेलं नाही.

"मॅडम, विहीर ज्याच्या त्याच्या रानातच राहणार," महेंद्र म्हणाला. "फक्त पाइपलाइन एकमेकांच्या रानापर्यंत न्यायची. माझा हातपंप मी माझ्याकडं हलवला, की तो तुमच्या स्क्रीनवरही हललेला दिसेल. तुम्हाला माझी सीडी नको आणि मला तुमचं पत्र नको."

हे तिला लगेच कळलं. मलाही कळलं, कारण ती फोनवर जे ऐकायची ते वळून मला सांगायची.

पुढचे काही महिने दोघांचं काम फोनवरच चाललं. ब्रॉडबँड हळू, त्यात भारनियमन. वीज गेली, की इन्व्हर्टर थोडा वेळ तग धरायचा आणि मग पिवळा दिवा लावून शिट्टी मारायला लागायचा. महेंद्रचा नकाशा आमच्या स्क्रीनवर पट्टी पट्टीनं उतरायचा. आम्ही चहा घेऊन येईपर्यंत अर्धा तालुका आलेला असायचा.

पहिल्यांदा पाण्याचा नकाशा आमच्या रस्त्यांवर नीट उमटला, तो दिवस मला चांगला आठवतो. साहेबांसकट सगळे सीमाच्या टेबलाभोवती जमले होते. निळे ठिपके म्हणजे हातपंप. बघतो तर नदीकाठच्या गावांचे हातपंप घोड नदीच्या पात्रात उभे. एका गावाची पाण्याची टाकी थेट पुलावर. साहेब हसायला लागले, मग सगळेच हसले. सीमानं हसत हसतच फोन लावला आणि महेंद्रला सांगितलं, की तुमच्या पंपांना पाणी भरपूर लागणार, सगळे नदीतच उतरलेत.

महेंद्रनं दोन दिवस मागून घेतले. मग त्याचा खुलासा आला. आमचे रस्ते जुन्या सर्व्हेच्या शीटवरून काढलेले होते. त्याचे पंप उपग्रहावर चालणाऱ्या जीपीएस यंत्रानं मोजलेले. ब्रिटिशांच्या काळात मोजणी करताना पृथ्वीचा जो आकार धरला होता आणि उपग्रह जो धरतात, त्यांत थोडा फरक आहे. त्यामुळं एक नकाशा दुसऱ्यापासून सगळीकडं सारखाच सरकला होता. दोघांनी मिळून तो फरक काढला. ताडून बघायला सीमानं निमोण्याच्या चौकातली, तिच्या पायाखालची जागा धरली, महेंद्रनं दौंडच्या स्टेशनाजवळची. सगळं जुळवून पुन्हा नकाशा उघडला, तेव्हा पंप एकेक करून गावात येऊन बसले होते. निमोण्याचा पंप विहारासमोरच दिसला, तशी सीमानं स्क्रीनवर बोट ठेवून मला दाखवलं. तिथं ती लहानपणी पाणी भरायची.

एकच पंप राहिला. भीमेच्या दक्षिण काठावर, दौंड तालुक्याच्या हद्दीत, नदीच्या वळणात तो एकटाच उभा होता. दौंडच्या रस्त्यांचा नकाशाही तोवर जोडला होता, पण त्यातही जवळ रस्ता नाही, गाव नाही, कशाचं नावही नाही. भोवती नुसती पांढरी जागा. सीमाला वाटलं, हा एक चुकलाच. तिनं महेंद्रला कळवलं. महेंद्रनं तपासून सांगितलं, की पंप बरोबर आहे, मागच्याच वर्षी त्याची दुरुस्ती झालीय.

"मग तिथं पाणी कोण पितं?" सीमानं विचारलं.

महेंद्रलाही ते ठाऊक नव्हतं. पंपाचा नकाशा त्याच्याकडं होता, पण माणसांचा नव्हता.

पावसाळ्यानंतर आरोग्याच्या ऑफिसानं आपला नकाशा खुला केला. त्याच कोऱ्या जागेत, पंपाच्या शेजारी, एक पोलिओचं बूथ उमटलं. मग विजेवाल्यांचा नकाशा आला, तर तिथंच एक डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर. तीन खात्यांचे तीन ठिपके, एकाला एक लागून. आतापर्यंत ते तीन ऑफिसांत वेगवेगळे पडून होते, म्हणून कुणालाच काही वाटलं नव्हतं. सीमा त्या दिवशी जेवायला उठलीच नाही. डबा उघडा टाकून स्क्रीनकडं बघत बसली.

"पोलिओवाले रिकाम्या जागी बूथ मांडत नाहीत," महेंद्र फोनवर म्हणाला. "तिथं लहान मुलं असणार, मॅडम. जाऊन बघू या."

साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, दौंडची हद्द आहे, आपण अधिकृत जाऊ शकत नाही, पण रविवारी कुणी फिरायला गेलं तर मी कोण अडवणार? आणि ऑफिसातलं जीपीएस त्यांनी स्वतःच्या हातानं सीमाच्या पिशवीत ठेवलं.

पुढचं मी सीमा आणि सतीशकडून ऐकलेलं सांगतो. ते दोघं मोटारसायकलवर न्हावऱ्याच्या रस्त्यानं निघाले, भीमेचा पूल ओलांडून चौफुल्याला पोचले. महेंद्र तिथल्या एका ढाब्यावर थांबणार होता. सीमा त्या आवाजाचा माणूस शोधत होती, दणकट, मिशीवाला. कोपऱ्यातल्या टेबलावरून एका बारक्या माणसानं हात वर केला. दोन्ही पायांना आधाराचे लोखंडी कॅलिपर होते, बाहेर मागं दोन जादा चाकं लावलेली स्कूटर उभी होती. लहानपणी पोलिओ झालेला. सीमानं नमस्कार करून खुर्ची ओढली. मग महेंद्रच म्हणाला, की आवाजावरून सगळे फसतात, बायकोसुद्धा फसली होती. तिघंही हसले आणि मिसळ मागवली.

डांबरी रस्ता संपला तिथून उसातून गाडीवाट होती. नुकतंच पाणी दिलेलं, चिखल. मोटारसायकल कशीबशी गेली, पण महेंद्रच्या स्कूटरची मागची चाकं रुतली ती रुतलीच. सतीश ढकलून ढकलून चिखलानं माखला. तेवढ्यात समोरून एक म्हातारा बैलगाडी घेऊन आला. डोक्याला लाल पागोटं, खांद्यावर घोंगडी. त्यानं ना नाव विचारलं, ना गाव.

"गाडीत बसा, पावणं," तो म्हणाला. "तुमचं फटफटं राहू द्या हितंच. हितं चोर सुदिक येत न्हाई, वाटच न्हाई तर यील कसा?"

तो म्हाळू कोकरे. महेंद्रला त्यानं नि सतीशनं उचलून गाडीत बसवलं. महेंद्रनं जीपीएस चालू करून मांडीवर धरलं. बैल चालत होते तसतशी त्या यंत्राच्या पडद्यावर वाटेची रेघ उमटत होती. म्हाळूआबा मधून मधून मागं वळून बघायचे, हे काय चाललंय म्हणून. सीमानं सांगितलं, तुमची वाट नकाशावर काढतोय. आबांना वाटलं, ही बाई चेष्टा करतेय.

उसाच्या पलीकडं उंचवट्यावर वस्ती होती. सारवलेली अंगणं, पत्र्याची घरं, गोठे, शेळ्या, आणि मधोमध तो हातपंप. सीमा गाडीतून उतरली आणि सरळ पंपापाशी गेली. दांडा मारला. पाणी आलं. तिनं तोंड धुतलं, ओंजळीनं पाणी प्यायली. सतीश सांगतो, की त्या वेळी ती नुसती हसत होती. वस्तीवरच्या बायका दारात येऊन बघत होत्या, की या शिरूरच्या बाईला पाण्याचं एवढं काय.

म्हाळूआबांची बायको विठाबाई. तिनं शेळीच्या दुधाचा चहा केला, वर गरम बाजरीची भाकरी आणि ठेचा पुढं ठेवला. खाता खाता सगळी हकीकत कळली. ही माणसं पूर्वी मेंढरं राखणारी. नदीच्या उत्तरेला, शिरूर तालुक्यातल्या गावात त्यांची घरं होती. मोठा पूर आला तेव्हा ते सगळे या काठावर उंचावर येऊन राहिले, जमीन घेतली, ऊस लावला, मेंढरं कमी केली. राहायला आले दौंडात, पण रेशनकार्ड आणि मतदान शिरूरच्या गावातच राहिलं. अजूनही मत द्यायला ही माणसं गूळ करायच्या मोठ्या कढईत, काहिलीत, बसून नदी ओलांडायची.

"शिरूरला जावं, तर म्हंत्यात तुमची घरं दौंडात हायती," म्हाळूआबा म्हणाले. "दौंडाला जावं, तर म्हंत्यात तुमची नावं शिरूरला हायती. दोगंबी खोटं बोलत न्हाईत. मंग आमी भांडावं तरी कुनासंगं?"

म्हणून रस्ता नाही. शिरूरच्या नकाशात त्यांची जमीन नव्हती, आणि दौंडच्या नकाशात त्यांची माणसं. हातपंपाचं बोअर मारायचं मशीन उन्हाळ्यात नदीच्या कोरड्या पात्रातून आलं होतं. पोलिओची नर्स चपला हातात घेऊन चिखलातून यायची. विजेचे खांब तर वस्तीनंच खांद्यावरून वाहून आणले होते.

महेंद्र घराघरांपाशी यंत्र नेत होता, म्हणजे सतीश त्याला पाठुंगळी घेऊन नेत होता. दोघांची तेव्हापासून जी दोस्ती झाली, ती आजही आहे. आणि सीमानं विचारलं, वस्तीचं नाव काय लिहू?

इथं खरी गंमत झाली. म्हाळूआबा म्हणाले, कोकरेवस्ती. शेजारचा दगडोबा शेंडगे उठून उभा राहिला. घरं शेंडग्यांची जास्त, मग नाव कोकऱ्यांचं कसं? कुणी म्हणालं, नवी वाडी लिहा. कुणी म्हणालं, नवी कसली, माझे केस पिकले हितं. अंगणात सभाच भरली. इतकी वर्षं नाव कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळं ठरवायची वेळच आली नव्हती. शेवटी विठाबाई भाकरी थापता थापता चुलीपासनं बोलली.

"पुरातनं येताना समद्यांच्या आदी बिरुबाला डोक्यावर आणला. त्येचं ठाणं मांडलं, मंग घरं बांदली. त्येचं नाव लिवा. त्यो कोकऱ्यांचा बी हाय आन् शेंडग्यांचा बी."

दगडोबा बसला. बिरोबावस्ती ठरली.

सोमवारी सकाळी सीमा ऑफिसात आली ती साहेबांच्याही आधी. साहेबांनी दौंडच्या साहेबांना फोन करून आधीच सांगितलं होतं, की जागा तुमची आहे, पण आमची अनुरेखक तुमच्यासाठी काढून देतेय. ते हो म्हणाले. मी आलो तेव्हा सीमाची वाटेची रेघ ओढून झाली होती. मग घरांचे ठिपके, आणि मग एकेक अक्षर टाइप करून तिनं नाव लिहिलं. साठवलं. महेंद्रला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. थोडा वेळ नुसती खरखर ऐकू आली.

"दिसलं," महेंद्र म्हणाला. "बिरोबावस्ती. पंपाच्या वर." मग त्याचा तो फौजदारी आवाज जरा बदलला. "मॅडम, आरोग्याच्या ऑफिसातनंही फोन आलाय. त्यांनाही दिसलं."

सीमानं खुर्ची मागं सरकवली आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवून बसली. मी शिपायाला सगळ्यांसाठी भेळ आणायला पाठवलं.

त्यानंतर काम आपोआप झालं असं नाही. पण पूर्वीसारखं अडलंही नाही. दौंडचे साहेब त्यांच्या टेबलावर आणि आमचे साहेब इथं, एकाच वेळी एकच नकाशा उघडून फोनवर बोलत बसले. एकानं म्हणावं हे तुमचं, तर दुसरा म्हणायचा, अहो माझ्यासमोरही तेच आहे, पंप दिसतोय, डीपी दिसतोय, घरं दिसतायत, आता नाही कसं म्हणता? बोलता बोलता दोघं हसायला लागले. रस्ता दौंडनं करायचा ठरला, आणि नावं दौंडात घ्यायची खटपट शिरूरच्या बाजूनं सुरू झाली. वस्ती रस्ता नसलेल्या वस्त्यांच्या यादीत धरली गेली. पुढच्या वर्षी खडी पडली, त्याच्या पुढच्या वर्षी डांबर. वळणं बरीचशी म्हाळूआबांच्या बैलांनी घेतली तशीच राहिली, फक्त एका ठिकाणी उसातून सरळ काढली.

या कामामुळं सीमाची आमच्या जिल्ह्यात चांगलीच ओळख झाली. इतर तालुक्यांतली माणसं तिला फोन करायला लागली, की आमचेही पंप नदीत गेलेत, काय करू? ती आधी मनमुराद हसायची आणि मग शांतपणे सांगायची. खात्याची परीक्षा देऊन ती अनुरेखकाच्या वरच्या जागेवर, आरेखक झाली. साखरबाईंना ते नीट समजलं नाही. पण लेकीच्या टेबलावर मोठा स्क्रीन आला आणि खोलीत एसी बसला, एवढं त्यांनी निमोण्यात सगळ्यांना सांगितलं.

बिरोबावस्तीवर पहिली एसटी गेली त्या दिवशी मीही होतो. सीमा, सतीश, त्यांची मुलगी दीक्षा, साखरबाई, आमचे साहेब, सगळे दौंडवरून त्याच गाडीत बसलो. महेंद्र बायकोला घेऊन स्कूटरवर गाडीच्या पुढं. त्याला मागं राहायचं नव्हतं. वस्तीच्या तोंडाशी ढोल वाजत होते, गजीनृत्याला, म्हणजे धनगरी नाचाला, पोरं उभी होती. भंडारा इतका उधळला, की ड्रायव्हरला काच पुसावी लागली. म्हाळूआबांनी ड्रायव्हरला खाली उतरवून पागोटं बांधलं आणि गाडीला वस्तीभोवती एक फेरी मारायला लावली. जागा नव्हती, तरी त्यानं मारली. एका परसातला शेवगा थोडा मोडला. शेवगा दगडोबाचा. तो म्हणाला, शेंगा पुढच्या वर्षी येतील, एसटी कुठं रोज येते, तेव्हा कंडक्टरनं सांगितलं, आता रोजच येणार.

साखरबाई आणि विठाबाई पंपाशेजारच्या ओट्यावर बसल्या होत्या. दोघींचं काय बोलणं चाललं होतं कोण जाणे, पण दोघी एकमेकींच्या मांडीवर थाप मारत हसत होत्या. जेवायला पुरणपोळी होती. साहेबांनी किती खाल्ल्या ते आम्ही मोजलं नाही.

परतीच्या गाडीत दीक्षा आईच्या मांडीवर झोपली. ऊन उतरलं होतं, उसाच्या तुऱ्यांवर सोनेरी झाक आली होती. मी सीमाला विचारलं, आता पुढं काय? ती म्हणाली, वनखात्याचा नकाशा पुढच्या आठवड्यात जोडायचाय, कवठे येमाईकडचा भाग त्यात आहे. मग खिडकीबाहेर बघत, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "त्यात अजून कोण कोण सापडतंय, बघू या."